धुळीच्या चकतीत ‘भोक’ की ‘फट’?

प्रश्न नागपूरच्या एका विज्ञानशिक्षिकेचा. रामन विज्ञान केंद्र पाहून आल्यावर मुलांनी तक्ता केला. त्यावर लिहिलंय : ‘अदृश्य ग्रह धूळ गिळतो आणि ताऱ्याच्या तबकडीला भोक पडतं.’ ही तबकडी म्हणजे तरुण ताऱ्याभोवती फिरणारा वायू आणि धुळीचा चपटा पसारा, ज्यात ग्रह तयार होतात. यातले शब्द बरोबर आहेत का?

‘तबकडी’ म्हटली की उडती तबकडी आठवते, ‘चकती’ बरी. ‘भोक’ मात्र नकोच. भोक एका जागी असतं. ग्रह फिरता फिरता कक्षेभर जागा मोकळी करतो, म्हणून ती ‘फट’. शनीच्या कड्यांतली कॅसिनीची फट आपण म्हणतोच. अगदी ताऱ्यालगतचा भाग रिकामा असेल तर ‘पोकळी’ म्हणा.

खरी अडचण ‘गिळतो’ची आहे. ग्रह थोडं द्रव्य ओढून घेतो खरा, पण फट पडते ती वेगळ्याच कारणानं. ग्रहाच्या आतल्या बाजूचा वायू त्याच्यापेक्षा जलद फिरतो. ग्रह त्याला मागे ओढतो, त्याचा कोनीय संवेग (फिरण्याचा जोर) घटतो आणि तो आणखी आत सरकतो. बाहेरचा वायू संथ. त्याला ग्रह पुढे खेचतो आणि तो बाहेर जातो. वायू परत फट भरू पाहतो, त्यामुळे ग्रह पुरेसा जड नसेल तर ती टिकत नाही. म्हणून ‘ग्रह द्रव्य बाजूला सारतो’ असं लिहा.

धुळीचं आणखी वेगळं. वायू कणांपेक्षा किंचित हळू फिरतो, म्हणून मिलिमीटरभर कणांना वर्धा रोडवर सायकल हाणताना लागावा तसा समोरून वारा लागतो आणि ते ताऱ्याकडे घसरतात. फटीच्या बाहेरच्या काठाशी वायूचा दाब वाढलेला असतो. तिथे हा वारा पडतो आणि कण साचतात. आल्मा या रेडिओ दुर्बिणीनं २०१४ मध्ये टिपलेल्या एचएल टौरी या तरुण ताऱ्याच्या चित्रातल्या तेजस्वी पट्ट्या अशाच साचलेल्या कणांच्या असाव्यात. त्यांना ‘कडी’ हा शब्द चपखल.

‘अदृश्य’ऐवजी ‘न दिसलेला’, कारण असा ग्रह पुढे दिसूही शकतो. बीटा पिक्टोरिस या ताऱ्याची चकती एके ठिकाणी वाकलेली पाहून १९९०च्या दशकात ग्रहाचा अंदाज बांधला गेला आणि पुढे तो छायाचित्रात सापडलाही. पीडीएस ७० या ताऱ्याभोवतीच्या मोकळ्या जागेतला ग्रह २०१८ मध्ये दिसला.

वाक्य असं करा : ‘न दिसलेल्या ग्रहामुळे ताऱ्याभोवतीच्या चकतीत फट पडली असावी.’ ‘असावी’ गाळू नका. चुंबकीय क्षेत्रामुळे किंवा जिथून पुढे थंडीनं वायू गोठतात त्या सीमेवरही अशा फटी पडू शकतात.