डिग्रीचं लॅमिनेशन घरी काढू नका

सिन्नरहून लिहिणाऱ्या ताई, तुमचा प्रश्न सकाळी डबे भरताना वाचला आणि दिवसभर डोक्यात घोळत राहिला. थायलंडच्या शाळेत गणित शिकवायची ऑफर आली आहे, मेमध्ये हजर व्हायचंय. पासपोर्टवर सासरचं नाव, २०१२ च्या बी.एस्सी.च्या डिग्रीवर माहेरचं, आणि ती डिग्री लॅमिनेट केलेली. एजंट म्हणतोय, "टुरिस्ट म्हणून जा, तिकडे गेल्यावर व्हिसा बदलून घेऊ." आणि अगदी शेवटच्या ओळीत तुम्ही विचारलंय, की इस्त्री फिरवली तर लॅमिनेशन सुटतं का.

बाकीच्यांनी तुम्हाला व्हिसाबद्दल भरपूर सांगितलंय. त्या शेवटच्या ओळीला कुणी हात लावला नाही. मला मात्र तीच ओळ वाचून पोटात गोळा आला, कारण ती इस्त्री मी फिरवलेली आहे.

आधीच सांगते, मी वकील नाही, एजंटही नाही. २०१८ च्या नोव्हेंबरपासून २०२० च्या मार्चपर्यंत थायलंडच्या ईशान्य भागात, ज्याला तिकडे इसान म्हणतात, एका शाळेत गणित आणि विज्ञान शिकवलं. अनुभव तेवढाच. शुल्क आणि मुदती बदलत असतात, पैसे भरण्याआधी थाई वकिलातीच्या साइटवर पडताळून घ्या. पासपोर्टची मुदत, फोटो, इंग्रजीची परीक्षा हे तुम्ही केलंच असेल, त्यात शिरत नाही.

माझे वडील, अण्णा, नाशिकरोडच्या प्रेसमध्ये होते. आपले पासपोर्ट जिथे छापतात ती इंडिया सिक्युरिटी प्रेस. सगळी नोकरी मोलाच्या कागदात गेली. माझी डिग्री घरी आली त्याच संध्याकाळी ते ती घेऊन मेन रोडला झेरॉक्सच्या दुकानात गेले आणि जाड प्लास्टिकमध्ये बंद करून आणली. ओल लागू नये, कसर लागू नये म्हणून. आपल्याकडे दहावीच्या मार्कशीटपासून घरोघरी हेच केलंय. अण्णांचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. पण परदेशी नोकरीसाठी डिग्रीच्या मागच्या बाजूला शिक्के मारून घ्यावे लागतात, एकामागून एक, आणि ते कागदावरच मारतात. लॅमिनेट केलेली डिग्री त्यासाठी घेत नाहीत. हे आम्हाला कुणाला माहीतच नव्हतं.

२०१८ च्या जानेवारीत शाळेचं पत्र आलं. अटेस्टेशनचं, म्हणजे हे शिक्के मिळवायचं, काम मी एका कार्यालयाकडे दिलं. नाव लिहीत नाही, लिहून आता काही परत मिळणार नाही. काउंटरवरच्या माणसाने डिग्री हातात घेतली, उलटसुलट करून बघितली, पैसे मोजून घेतले, पावती दिली. मी स्वतः विचारलं, "लॅमिनेट केलेली आहे, चालेल ना?" तो म्हणाला, "मॅडम, रोज जातात अशा. निश्चिंत राहा." त्या एका वाक्यावर विसंबून मी इथल्या शाळेत राजीनामा दिला. फोन केला की एकच उत्तर, "प्रोसेसमध्ये आहे." पाच आठवड्यांनी, मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात, पाकीट परत आलं. आत डिग्री गेली तशीच, आणि एक चिठ्ठी स्टेपल केलेली: लॅमिनेशन काढून आणावे. जाब विचारायला गेले तर तोच माणूस म्हणाला, "हे तुम्हीच आधी बघायला हवं होतं." ती डिग्री पाच आठवड्यांत नाशिकच्या बाहेर गेली होती की त्याच्याच कपाटात पडून होती, हे मला आजतागायत कळलेलं नाही. पैसेही बुडाले. त्या काउंटरपुढे मी सही-शिक्क्यानिशी लेखी का मागितलं नाही, याचा त्रास अजून होतो. तुम्ही कुणाकडेही कागद द्या, पावतीवर "मूळ डिग्री, लॅमिनेटेड" असं लिहून घ्या. जो लिहून देत नाही त्याच्याकडे कागद ठेवू नका.

पण सगळ्यात महागात पडलं ते त्याच रात्रीचं. मेमध्ये हजर व्हायची माझी तारीख डोळ्यांपुढे नाचत होती. व्हिडिओ बघितला, जेवणाच्या टेबलावर चादर घडी करून घातली, डिग्रीवर खाकी कागद ठेवला आणि इस्त्री सगळ्यात कमी आचेवर फिरवली. नवऱ्याने कोपरा चिमटीत धरला होता. पहिलं बोटभर प्लास्टिक इतकं अलगद सुटलं की आम्हाला वाटलं, जमलं. मग गोल शिक्क्यापाशी आलो. प्लास्टिक उचललं तसा शिक्का त्यालाच चिकटून वर आला, अक्षरं उलटी. कुलगुरूंच्या सहीचा निम्मा भाग कागदावर राहिला, निम्मा प्लास्टिकवर. त्याखाली कागदाचा पापुद्रा निघून पांढरा खवला पडला. अण्णांना मी आठ दिवस काही बोलले नाही.

मग विद्यापीठाकडून दुसरी प्रत मागवणं आलं. खराब झालेली मूळ प्रत जमा करा, प्रतिज्ञापत्र करा, मार्कशीटच्या प्रती जोडा, शुल्क भरा. ते काम नियमाने झालं, तिथे माझी तक्रार नाही, पण परीक्षा आणि निकालांच्या धबडग्यात जून संपला. थायलंडमध्ये शाळेचं वर्ष मेच्या मध्याला सुरू होतं. शाळेने माझ्यासाठी दुसऱ्या सत्रात, म्हणजे नोव्हेंबरला, जागा ठेवली हे त्यांचे उपकार. मधले आठ महिने घरात माझा पगार नाही, घराचा हप्ता चालू, लेकीची फी चालू. पाथर्डी फाट्याला एका क्लासमध्ये तासावर शिकवून दिवस काढले.

तेव्हा ताई, इस्त्री नको, हेअर ड्रायर नको, "आमच्या ओळखीचा एक जण काढून देतो" हेही नको. आत्ता डिसेंबर आहे, तुमच्या हातात वेळ आहे. डिग्रीचा दोन्ही बाजूंनी रंगीत स्कॅन करून ठेवा आणि दुसऱ्या प्रतीचा अर्ज याच आठवड्यात करा. बी.एड.ची डिग्रीही लॅमिनेट केलेली असेल तर तिचाही सोबतच. नवी प्रत आली की साध्या फाइलच्या पारदर्शक कप्प्यात ठेवा, त्याहून जास्त काही करू नका. आणि नोकरीचा राजीनामा व्हिसा हातात पडेपर्यंत देऊ नका, एजंट कितीही घाई करो.

शिक्क्यांचा क्रम असा: आधी राज्य सरकार, म्हणजे शैक्षणिक कागदांना मंत्रालयातलं उच्च शिक्षण खातं, मग परराष्ट्र मंत्रालय, मग त्या देशाची वकिलात. बरेच एजंट सरसकट "अपॉस्टिल करून देतो" म्हणतात. अपॉस्टिल म्हणजे वकिलातीच्या शिक्क्याऐवजी चालणारं परराष्ट्र मंत्रालयाचं प्रमाणपत्र, आणि ते एकमेकांचे कागद मान्य करायच्या हेग करारातल्या देशांसाठी असतं. भारत त्यात २००५ पासून आहे. मी गेले तेव्हा थायलंड त्या करारात नव्हता, म्हणून परराष्ट्र मंत्रालयानंतर वकिलातीचा शिक्का लागलाच. शाळेकडून लेखी विचारून घ्या की त्यांना नेमकं काय हवंय. अपॉस्टिलचं सरकारी शुल्क कागदामागे ५० रुपये आहे. वरचे हजारो कशाचे, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

आता नाव. पासपोर्ट बदलायला जाऊ नका आणि डिग्रीवरचं नाव बदलायच्याही फंदात पडू नका. या दोन नावांना जोडणारा कागद म्हणजे लग्नाच्या नोंदणीचा दाखला. लग्नपत्रिका आणि फोटोंवर भागत नाही. नोंदणी राहिली असेल तर ग्रामपंचायतीत किंवा पालिकेत जाऊन आत्ता करून घ्या, आणि त्या दाखल्याचंही अटेस्टेशन करून ठेवा. लग्नात पहिलं नावही बदललं असेल, तर राजपत्रात नावबदल छापून घ्या. नुसत्या स्टॅम्पपेपरवरच्या प्रतिज्ञापत्रावर मी विसंबणार नाही. अजून एक, आपल्या डिग्रीवर आडनाव आधी येतं. माझ्या शाळेने पहिल्या पत्रात आडनावालाच नाव धरलं होतं, ते पत्र पुन्हा मागवावं लागलं. त्यांना पहिल्याच मेलमध्ये पासपोर्टच्या पानाचा फोटो पाठवून "नाव हे, आडनाव हे" असं खूण करून सांगा. तुमची डिग्री २०१२ ची, म्हणजे तिच्यावर पुणे विद्यापीठ असेल. २०१४ मध्ये ते सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झालं. तिकडचा माणूस इंटरनेटवर शोधतो आणि नावं जुळत नाहीत म्हणून अडून बसतो, तेव्हा तेही त्याच मेलमध्ये दोन ओळींत लिहा.

आणि आता तो एजंट. माझं मत कडक आहे, कुणाला पटलं नाही तरी चालेल. टुरिस्ट म्हणून शिकवायला जाऊ नका. जुलै २०२४ मध्ये थायलंडने भारतीयांना ६० दिवस बिनव्हिसा राहायची सवलत दिली, तेव्हापासून हे "जाऊन बघू" फार वाढलंय. ती सवलत फिरायला दिलेली. वर्क परमिट नसताना काम करताना सापडलात तर ५,००० ते ५०,००० बाथ (थायलंडचं चलन) दंड, परत पाठवणी आणि पुढची दोन वर्षं परमिट नाही. शाळेला माणशी १०,००० ते १ लाख बाथ. एजंटचं नाव त्या कागदावर कुठेच नसतं. तिथे गेल्यावर व्हिसा बदलता येतो, हे खोटं नाही. पण बदलायलाही हीच सगळी कागदपत्रं लागतात. तुमची डिग्री लॅमिनेशनमध्ये अडकलेली, लग्नाचा दाखला सिन्नरला, दिवस मोजलेले, आणि मंत्रालय मुंबईत. तिथे बसून कसं करणार? ज्याने अजून तुमची डिग्री डोळ्यांनी बघितली नाही, तो विमानाचं तिकीट काढायला सांगतोय, यातच मला सगळं कळलं.

सरळ मार्ग लांबचा नाही. शाळेच्या पत्रावर नॉन-इमिग्रंट बी, म्हणजे नोकरीसाठीचा, व्हिसा इथूनच घ्यायचा. १ जानेवारी २०२५ पासून अर्ज ऑनलाइन झालाय, आमच्यासारखं पहाटे उठून पंचवटी एक्सप्रेस पकडून मुंबईला जावं लागत नाही. त्यावर ९० दिवस मिळतात, त्यात वर्क परमिट होतं, मग मुक्काम वर्षापर्यंत वाढवून मिळतो. शिक्षकांसाठी खुरुसफा म्हणून त्यांची परिषद आहे, तिचं लायसन किंवा तात्पुरती सूट लागते. तुमचं बी.एड. आहे, ते तिथे उपयोगी पडेल.

तिकडे गेल्यावर शाळा सगळं सांगेल असं धरून चालू नका. राहत्या जागेची खबर २४ तासांत घरमालकाने द्यायची असते, त्याला टीएम ३० म्हणतात. मालक टाळाटाळ करतात, मागे लागा. दर ९० दिवसांनी पत्त्याची हजेरी. मुदतीपेक्षा जास्त राहिलात तर दिवसाला ५०० बाथ, २०,००० पर्यंत. आणि सुट्टीत घरी येताना री-एंट्री परमिट, म्हणजे त्याच व्हिसावर परत यायची परवानगी, काढल्याशिवाय विमानात बसू नका. एका वेळचं १,००० बाथ, अनेक वेळचं ३,८००. माझ्या शाळेतली केरळची एक शिक्षिका एप्रिलच्या सुट्टीत ते न काढता गावी गेली, तिची वर्षाची मुदत त्याच दिवशी रद्द झाली आणि पहिल्यापासून सगळं करावं लागलं. मे २०२५ पासून विमानतळावरचं आगमनपत्रही ऑनलाइन झालंय, ते फुकट आहे, त्याचे पैसे कुणी मागितले तर देऊ नका.

पोलिसांचा दाखलाही लागेल. पोलीस ठाण्यातून मिळणारा चारित्र्याचा दाखला वेगळा. तुम्हाला हवा तो पासपोर्ट सेवा पोर्टलवरून अर्ज करून मिळणारा, शुल्क ५०० रुपये. सिंहस्थ जवळ आला की पोलीस बंदोबस्तात असतील, म्हणून हे काम मागे ठेवू नका. फार आधीही करू नका, जुना दाखला शाळा घेत नाहीत. मी तुमच्या जागी असते तर दुसरी प्रत हातात आल्याच्या दिवशी अर्ज केला असता.

एक करा. डिग्रीची मागची बाजू कोरी आहे की तिच्यावर आधीचे काही शिक्के आहेत, आणि लॅमिनेशन चारही बाजूंनी बंद आहे का, एवढं उद्या बघून इथे लिहा. नाव आणि नंबर झाकल्याशिवाय फोटो टाकू नका. दुसऱ्या प्रतीच्या अर्जाला मी काय काय जोडलं होतं त्याची यादी घरी फाइलमध्ये आहे, ती शोधून ठेवते.