जाताना तीन तास, येताना पाच?

प्रश्न : माझा मुलगा नोकरीसाठी नैरोबीत असतो. कामानिमित्त त्याला अधूनमधून विमानाने जोहान्सबर्गला जावं लागतं. त्याच्या तिकिटावर सकाळी ७ ला निघून १०.१० ला पोहोचणार असं आहे. परतताना मात्र संध्याकाळी ६ ला निघून रात्री ११. जाताना तीन तास आणि येताना पाच, असं कसं? नकाशात तर दोन्ही गावं वीतभरही लांब नाहीत.
– एक आई, सांगली

उत्तर : ताई, तिकिटावर त्या त्या गावची वेळ छापतात, घोळ तिथेच होतो. तुम्ही आपल्या भिंतीवरच्या घड्याळाने मोजा. नैरोबी आपल्या अडीच तास मागे, जोहान्सबर्ग साडेतीन. म्हणजे मुलगा निघतो तेव्हा सांगलीत साडेनऊ वाजलेले असतात आणि पोहोचतो तेव्हा दुपारचे एक चाळीस. झाले चार तास दहा मिनिटं. परतीला रात्री साडेनऊ ते दीड, चार तास. त्याच्या फोनची वाट बघताना हाच हिशेब धरा. दोन्ही देशांत उन्हाळ्या-हिवाळ्याला घड्याळ मागेपुढे करत नाहीत, त्यामुळे तो वर्षभर चालतो.

आता अंतर. नैरोबी विषुववृत्ताला जवळजवळ चिकटलेली, जोहान्सबर्ग २६ अंश दक्षिणेला. सरळ रेषेत साधारण २,९०० किलोमीटर, म्हणजे मुंबई-दिल्लीच्या अडीचपट. भिंतीवरच्या नकाशांवर बहुतेकदा ध्रुवांकडचे देश फुगलेले असतात आणि आफ्रिका त्यांच्यापुढे लहान दिसते, म्हणून ते वीतभर वाटतं. प्रत्यक्ष हवेत साडेतीन-पावणेचार तास जातात. उरलेला वेळ धावपट्टीपर्यंत जाण्या-येण्याचा, तोही तिकिटात धरलेला असतो.

मी सहा वर्षं नैरोबीत होते, या वाटेने कितीदा तरी गेले. जाताना डावीकडची खिडकी मागून घ्यायला सांगा. सकाळ स्वच्छ असली तर उड्डाणानंतर थोड्याच वेळात ढगांच्या वर किलिमांजारोचा सपाट, पांढरा माथा दिसतो. मी दर वेळी कपाळ काचेला टेकवून बसायचे. आणि हे दोन्ही विमानतळ उंचीने आपल्या कळसूबाईच्या शिखराच्या बरोबरीचे, १,६०० ते १,७०० मीटर. तिथे हवा विरळ, म्हणून विमान जास्त धावतं आणि मग उचलतं. धावपट्ट्याही चार किलोमीटरहून लांब आहेत. पहिल्यांदा जाणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, पण त्यात भिण्यासारखं काही नाही.

एक मात्र त्याला बजावून सांगा. केनियातून दक्षिण आफ्रिकेत जाताना पीतज्वराच्या लशीचं पिवळं कार्ड लागतं, केनियातून भारतात येतानाही लागतं. माझं एकदा घरी टेबलावर राहिलं. काउंटरवरच्या मुलीने बोर्डिंग पास दिला नाही, आणि विमान मला न घेताच गेलं. तेव्हापासून ते पासपोर्टच्या कव्हरातच असतं, अजूनही.