पागडीची खोली घेतली, पण पावती अजून विकणाऱ्याच्या दिवंगत वडिलांच्याच नावावर

प्रश्न : आम्ही नवरा-बायको दोघंही नोकरी करतो. लग्नानंतर डोंबिवलीत भाड्यानं राहत होतो. दोघांचं ऑफिस फोर्टला, म्हणून गिरगावातल्या जुन्या चाळीत दुसऱ्या मजल्यावरची पागडीची डबल रूम ३८ लाखांना घ्यायचं ठरवलं. भाडेपावती खोली विकणाऱ्या काकांच्या वडिलांच्या नावावर आहे, ते वारले. काका आईसह बदलापूरला राहतात, खोली दोन वर्षं बंद होती. ५०० रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी करून २० लाख चेकनं दिले आणि ताबा घेतला. बाकीचे पावती आमच्या नावावर झाल्यावर द्यायचे आहेत. मग काम काढलं : मधली भिंत पाडली, मोरीच्या जागी संडास-बाथरूम घेतलं, लोखंडी अँगलवर पोटमाळा टाकला, नवा ओटा केला. आता मालकाच्या वकिलाची नोटीस आली आहे : बेकायदा हस्तांतर, विनापरवानगी पक्कं बांधकाम, पंधरा दिवसांत खोली रिकामी करा. खालच्या आजींच्या छतातून पाणी गळतं आहे. काका म्हणतात, ‘पुतणी आणि जावई म्हणून सांगा, चाळीत सगळ्यांनी असंच केलंय.’ आम्ही काय करावं?

उत्तर : ताई, काम आजच थांबवा. कंत्राटदाराचे दोन दिवस फुकट जातील, मजुरी अंगावर पडेल, तरी थांबवा. भिंतीवर चढणारी प्रत्येक वीट सध्या मालकाच्या बाजूचा पुरावा होते आहे.

घाबरू मात्र नका. वकिलाची नोटीस म्हणजे न्यायालयाचा हुकूम नव्हे. पंधरा दिवस उलटले म्हणून मालक तुमचं सामान गॅलरीत काढू शकत नाही, कुलूप बदलू शकत नाही. खोली खाली करून हवी असेल तर त्याला लघुवाद न्यायालयात (स्मॉल कॉजेस कोर्टात) दावा लावून निकाल मिळवावा लागतो. जबरदस्तीची भाषा झाली तर पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि तिची पोच घ्या.

आता मूळ दुखण्याकडे येऊ. तुम्ही घर विकत घेतलेलं नाही. पागडीत विकला जातो तो भाडेहक्क. भिंती, छत, जमीन मालकाचीच राहते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम २६ नुसार, करारात तशी मुभा नसेल तर भाडेकरूला आपला हक्क परस्पर दुसऱ्याला देता येत नाही. असं हस्तांतर हे कलम १६ प्रमाणे घर खाली करून घेण्याचं कारण ठरतं. पागडी, म्हणजे भाडेहक्कापोटीची एकरकमी रक्कम, घेणंदेणं मात्र आज गुन्हा नाही. कलम ५६ नं भाडेकरूला हक्क सोडण्याबद्दल आणि मालकाला संमती देण्याबद्दल रक्कम घ्यायला मोकळीक दिली आहे. म्हणजे तुमचा व्यवहार कायदेशीर होऊ शकतो, पण त्यात मालक हवा. तुमच्या कागदावर तोच नाही. नोटरीचा शिक्का सही कुणी केली एवढं सांगतो, मालकाची संमती निर्माण करत नाही.

त्याहून मोठा प्रश्न मला काकांच्या हक्काचाच दिसतो. भाडेकरू वारला की त्याच्यासोबत त्या घरात राहणाऱ्या कुटुंबीयाकडे भाडेहक्क जातो. तसं कुणी नसेल तरच इतर वारसांचा विचार होतो, तोही आपसातल्या संमतीनं किंवा न्यायालयाच्या निर्णयानं. वडील गेले तेव्हा खोलीत आई राहत होती की काका? आई राहत असेल तर हक्क तिचा, आणि तिच्या सहीशिवाय काकांनी तुम्हाला नेमकं काय दिलं हे न्यायालय विचारेल. काकांना बहिणी असतील तर त्यांच्याही सह्या घ्या. सासरी गेलेल्या बहिणींना गृहीत धरायची आपल्याकडे सवय आहे आणि असे व्यवहार पुढे तिथेच अडतात. शिवाय खोली दोन वर्षं बंद होती. दावा लावण्याआधी सलग सहा महिने सबळ कारणाशिवाय घर वापरात नसेल तर तेही मालकाला स्वतंत्र कारण मिळतं. नोटिशीत ते नसलं तरी दाव्यात येऊ शकतं.

म्हणूनच ‘पुतणी आणि जावई’ हे नाटक अजिबात करू नका. २० लाखांचा चेक तुमच्या खात्यातून गेला आहे. उलटतपासणीत बँकेचा उतारा समोर आला की खोटं तिथेच उघडं पडेल, आणि शपथेवर खोटं बोलणं हा वेगळा गुन्हा आहे. नोटिशीला वकिलामार्फत मुदतीत उत्तर द्या. त्यात काम थांबवल्याचं, संमती घेऊन व्यवहार नियमित करायची तयारी असल्याचं लिहा. प्रत्येक आरोपाला तिथेच पुरावे जोडायची गरज नाही. उत्तराचा मसुदा काकांना लिहू देऊ नका. त्यांचं आणि तुमचं हित आता एक राहिलेलं नाही.

बांधकामाबद्दल. कलम १६ मध्येच सांगितलं आहे की लाकडी पार्टिशन, उभ्यानं स्वयंपाक करायचा ओटा, दार, हवेसाठी खिडकी, फॉल्स सीलिंग, एसी, धुराडं यांसारखी कामं ‘पक्कं बांधकाम’ धरली जात नाहीत. गरज असेल तिथे महापालिकेची परवानगी मात्र हवी. तेव्हा ओट्याची काळजी सोडा. प्लास्टर, रंग, फरशी, जुने नळ-वायरिंग बदलणं हीही साधी दुरुस्ती आहे. भिंत पाडणं, अँगलवरचा पोटमाळा आणि नवा संडास यांचं तसं नाही. त्यांना मालकाची लेखी संमती आणि महापालिकेची परवानगी, दोन्ही लागतात. परवानगी नसेल तर वॉर्ड ऑफिसची नोटीसही येऊ शकते, आणि ती मालकाशी तडजोड झाली म्हणून मागे जात नाही.

घरात संडास का हवा, हे मला कुणी समजावायला नको. रात्री दोन वाजता बाईनं गॅलरीच्या टोकाच्या कॉमन संडासाला जायचं, हे आजच्या मुंबईत कुणाच्याच वाट्याला येऊ नये. पण गिरगावातल्या बहुतेक जुन्या चाळी लाकडी तुळयांवर उभ्या आहेत. तुळईवर रोज पाणी मुरलं की ती आतून कुजते, वर रंग तसाच दिसतो. खालच्या आजींच्या छतातली ओल म्हणून मला नोटिशीइतकीच गंभीर वाटते. महापालिकेचा परवाना असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनियरला याच आठवड्यात बोलवा. पाडलेली भिंत वजन पेलत होती का, हे त्याच्याकडून लेखी घ्या. तो म्हणाला तर लगेच टेकू लावा. संडासाचं पाणी बंद करा आणि आजींची दुरुस्ती तुमच्या खर्चानं करून द्या. कोणी जखमी झालं तर हे प्रकरण लघुवाद न्यायालयापुरतं राहणार नाही.

मालकाकडे जाताना हाच अहवाल घेऊन जा. असे वाद बहुधा बोलण्यातूनच मिटतात, कारण मालकालाही संमतीच्या रकमेत रस असतो. रिवाज साधारण व्यवहाराच्या रकमेच्या एक तृतीयांशाचा आहे, कायद्यात आकडा नाही. तेव्हा घासाघीस करा. हा वाटा ३८ लाखांतून जायचा की वर द्यायचा, हे तुमच्या कागदात लिहिलं आहे का ते आधी पाहा. प्रॉपर्टी कार्ड (जागेच्या मालकीचा सरकारी उतारा) काढून मालक नक्की कोण आणि किती जण आहेत तेही तपासा. एका भावाशी बोलून दुसरा उलटलेली प्रकरणं पुष्कळ आहेत. रक्कम बँकेतूनच द्या. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला प्राप्तिकर कायद्यातच मनाई आहे, आणि रोख दिलेल्या पैशांचा पुरावा उरत नाही. करार तिघांचा हवा : काकांच्या घरचे सगळे वारस, सगळे मालक आणि तुम्ही दोघं. कलम ५५ प्रमाणे तो लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे. कोणती कामं ठेवायची, कोणती काढायची, हे त्यातच लिहून घ्या आणि त्याच दिवशी दोघांच्या नावानं पावती घ्या.

पुनर्विकासाची आशा मनात असणारच. मुंबई बेटावरच्या उपकरप्राप्त (म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या) इमारतींसाठी विकास नियंत्रण नियमावलीतला ३३(७) हा नियम लागू होतो. त्यात किमान ३०० चौरस फूट चटई क्षेत्राचं घर मिळतं, पण १३ जून १९९६ नंतर नव्यानं निर्माण केलेले भाडेकरू मोजले जात नाहीत. म्हणून करारात ‘नवीन भाडेकरू’ असं लिहू देऊ नका. जुन्याच भाडेहक्काचं हस्तांतर असं लिहा, आणि काकांच्या वडिलांच्या १९९६ पूर्वीच्या मूळ पावत्या ताब्यात घ्या. म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडे इमारतीच्या रहिवाशांच्या यादीत या खोलीपुढे कोणाचं नाव आहे, तेही पाहा.

उरलेल्या १८ लाखांपैकी सध्या एक रुपयाही देऊ नका. काकांना पोच मिळेल अशा स्पीड पोस्टानं पत्र पाठवा : ठरावीक मुदतीत, समजा ४५ दिवसांत, सर्व वारसांच्या सह्या आणि मालकाची संमती आणा, नाहीतर २० लाख परत करा. त्यांनी टाळाटाळ केली तर वसुलीच्या दाव्याला सर्वसाधारणपणे तीन वर्षांचीच मुदत असते, हे लक्षात ठेवून पत्राची पोच जपा. आणि इंजिनियरनं इमारत राहण्याजोगी नाही असं लिहून दिलं, तर मालकाशी बोलणी करत बसू नका. पैसे परत मागा आणि खोली सोडा.