वाचकांचे प्रश्न : गावाने वाळीत टाकले, तर दाद कोठे मागावी?

प्रश्न : यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात आमची बौद्धांची चौदा घरे आहेत. भीमजयंतीच्या मिरवणुकीच्या मार्गावरून वाद झाला आणि तेव्हापासून आमच्या बायांना निंदणाला बोलावणे बंद झाले. चक्कीवाला दळण घेत नाही, किराणा मिळत नाही. पोलीस ठाण्यात गेलो, तर साधा अर्ज ठेवून घेतला आणि ‘तुम्ही बौद्ध झालात, तुम्हाला अ‍ॅट्रॉसिटी लागत नाही, आपसात मिटवून घ्या’ असे सांगितले. आमच्यासाठी शासनाचे एखादे खाते आहे की नाही?

उत्तर : आधी ठाण्यात सांगितलेल्या गोष्टीबद्दल, कारण ती चुकीची आहे आणि विदर्भात तिने फार नुकसान केले आहे. राष्ट्रपतींच्या 1950 च्या आदेशात अनुसूचित जातींसाठी धर्माची अट होती. 1956 साली नागपूरला धम्मदीक्षा घेतलेल्या लाखो लोकांना ती दीर्घकाळ नडली. परंतु 1990 मध्ये त्या आदेशात दुरुस्ती होऊन बौद्धांचा समावेश झाला. म्हणून ज्यांची मूळ जात अनुसूचित यादीत आहे, अशा बौद्धांना अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम, 1989 चे पूर्ण संरक्षण आहे. केवळ एक काळजी घ्यावी : जातीच्या दाखल्यावर नुसते ‘बौद्ध’ असेल, तर मूळ जातीचा स्पष्ट उल्लेख असलेला दाखला उपविभागीय अधिकारी कार्यालयातून काढून घ्यावा. दाखला हाती येईपर्यंत तक्रार मात्र थांबवू नये.

आपण सांगितलेला प्रकार सामाजिक व आर्थिक बहिष्काराचा आहे. 2015 च्या दुरुस्तीने तो या कायद्यात स्वतंत्र गुन्हा म्हणून आला. जयंतीची किंवा लग्नाची मिरवणूक अडवणे आणि सार्वजनिक पाणी किंवा स्मशानभूमी वापरू न देणे हेही त्याच दुरुस्तीने आले. हे गुन्हे दखलपात्र आहेत, म्हणजे पोलिसांना ते नोंदवावेच लागतात, त्यामुळे ‘अर्ज ठेवून घेणे’ पुरेसे नाही. गुन्हा नोंदवण्यापूर्वी प्राथमिक चौकशीची गरज नाही, असे 2018 मध्ये घातलेले कलम 18-अ सांगते. ठाणेदार तरीही नकार देत असतील, तर तीच हकीकत टपालाने जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे पाठवावी आणि पोचपावती जपून ठेवावी. याच कायद्याखालील 1995 च्या नियमांतील नियम 5 मध्ये हा मार्ग दिलेला आहे. कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणाऱ्या लोकसेवकाला, तो स्वतः अनुसूचित जाती-जमातीचा नसल्यास, कलम 4 नुसार सहा महिने ते एक वर्ष कारावास होऊ शकतो, मात्र त्याआधी प्रशासकीय चौकशीची शिफारस लागते.

तक्रार कशी लिहिली जाते, यावर पुढचे सगळे अवलंबून असते, हे मी आग्रहाने सांगतो. ‘गावाने त्रास दिला’ एवढ्यावर न्यायालयात काही टिकत नाही. कोणत्या तारखेला, कोणत्या दुकानात, कोणी, कोणत्या शब्दांत नकार दिला, समोर कोण होते, दोन्ही बाजूंची जात कोणती, बहिष्काराचा ठराव कोठे झाला, दवंडी फिरली की मोबाईलच्या गटावर निरोप आला, हे सर्व त्यात यावे. भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे 2006 मध्ये एकाच कुटुंबातील चार जणांची हत्या झाली. आरोपींना खुनाबद्दल शिक्षा झाली, तरी अत्याचार प्रतिबंध कायद्याखालील आरोप न्यायालयात टिकले नाहीत. इतक्या भयंकर प्रकरणात असे घडू शकते, तर दळण नाकारल्याच्या प्रकरणात जातीचा संबंध पहिल्याच दिवशी कागदावर येणे किती आवश्यक आहे, हे लक्षात यावे.

आता शासनाच्या खात्याबद्दल. पोलीस दलात नागरी हक्क संरक्षण विभाग आहे. अशा गुन्ह्यांवर देखरेख हे त्याचे मुख्य काम असल्याने तक्रारीची प्रत तेथे जरूर द्यावी. तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो आणि दोषारोपपत्र साठ दिवसांत जायला हवे. अर्थसाहाय्य समाज कल्याण कार्यालयाकडून मिळते. 2016 च्या दरपत्रकात ते गुन्ह्यानुसार 85 हजारांपासून सव्वाआठ लाखांपर्यंत आहे. पण बहिष्काराच्या बाबतीत त्याच दरपत्रकात पैशांआधी दुसरी गोष्ट लिहिलेली आहे : तोडलेल्या सेवा इतरांच्या बरोबरीने पुन्हा सुरू करून देणे ही शासनाची जबाबदारी आहे. ही मागणी फार थोडे लोक करतात. आपण ती जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी करावी आणि त्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा दक्षता व नियंत्रण समितीपुढे हे प्रकरण ठेवण्याची विनंती करावी. ही समिती तीन महिन्यांतून किमान एकदा बसली पाहिजे, असा नियम आहे. मागील बैठकीचे कार्यवृत्त माहितीच्या अधिकारात मागता येते. तातडीची मदत हवी असल्यास 14566 ही राष्ट्रीय हेल्पलाइन निःशुल्क आहे आणि तेथे मराठीत बोलता येते.

प्रश्न : मी वाशिम जिल्ह्यातील शेतकरी असून अनुसूचित जातीचा नाही. गावात पाण्याची टंचाई असताना मी बौद्ध वस्तीतील बायांना माझ्या वावरातील विहिरीवर पाणी भरू दिले. आमच्या समाजाच्या बैठकीत मला अकरा हजार रुपये दंड सांगितला आहे. न भरल्यास मुलीच्या लग्नाला कोणी येणार नाही, असे म्हणतात. मला कायद्याचा आधार आहे का?

उत्तर : आहे, आणि आपण केलेल्या कामाबद्दल आपल्याविषयी मनापासून आदर वाटतो. याच वाशिम जिल्ह्यात 2016 मध्ये पत्नीला विहिरीवर पाणी नाकारले म्हणून एका मजुराने एकट्याने विहीर खोदली होती.

अस्पृश्यता पाळण्यास नकार दिला म्हणून स्वतःच्याच समाजातील माणसाचे हक्क हिरावून घेणे हा नागरी हक्क संरक्षण अधिनियम, 1955 च्या कलम 7 नुसार गुन्हा आहे. त्याला एक ते सहा महिने कारावास व दंड अशी शिक्षा आहे. त्याशिवाय महाराष्ट्राने 2016 मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला, तो 2017 पासून लागू आहे आणि कोणत्याही जातीच्या माणसाला लागू पडतो. त्यात तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. समाजाच्या बैठकीला दंड वसूल करण्याचा कोणताही अधिकार नाही, म्हणून आपण एक रुपयाही देऊ नये. लग्नाची तारीख जवळ असल्यास पुढची बैठक होण्यापूर्वीच जिल्हाधिकारी व पोलीस ठाणे या दोघांनाही बैठकीचे ठिकाण, तारीख आणि दंड सांगणाऱ्यांची नावे लेखी कळवावीत, कारण बहिष्कारासाठी भरणारी बैठक मनाई आदेश काढून रोखण्याचा अधिकार या कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांना दिला आहे.