खानदेशातल्या बँडवाल्यांशी त्यांच्या आयुष्याबद्दल मोकळ्या गप्पा मारायच्या आहेत. सुरुवात कशी करू?

लग्नसराईत जाऊ नका. आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आसपास त्यांना जेवायलाही सवड नसते. आषाढ-श्रावणात जा. चातुर्मासात मुहूर्त थांबतात, वाद्यं खुंटीला लागतात आणि कितीतरी वादक निंदणीच्या मजुरीला जातात. खरं बोलणं तेव्हाच निघतं. येत असेल तर अहिराणीतच बोला, माणूस लगेच खुलतो.

पहिला प्रश्न सोपा ठेवा: क्लॅरिनेट पहिल्यांदा हातात कोणी दिली? बहुतेकदा वडील किंवा मामा निघतात, मग गोष्ट आपोआप वाहते. पैशाचं शेवटी, पण विचाराच: सुपारी कितीची ठरली, हातात किती आले? डीजे आल्यावर काय बदललं, हे विचारून मात्र गप्प बसा. तिथे मला फार वेळ शांतता ऐकावी लागली आहे. ती तोडू नका.