रस्ता ओलांडायला किती सेकंद लागतात? सेवा-अध्ययनावर एक पत्र

प्रिय,

सप्रेम नमस्कार.

शाळांमधल्या सेवा-अध्ययनाचे, म्हणजे सर्व्हिस लर्निंगचे (समाजाच्या खऱ्या गरजेवर काम करता करता शाळेतले विषय शिकण्याचे) प्रकल्प पाहून त्यातले दर्जेदार कोणते ते ठरवायचं काम तुझ्याकडे आलं, हे वाचून आनंद झाला. शाळांनी पाठवलेल्या फाइली वाचल्यावर सगळेच प्रकल्प सारखेच चांगले वाटतात, असं तू लिहितेस. तसं वाटणारच. प्रत्येक फाइलीत मुलांचे हसरे फोटो असतात, कुणाचं तरी आभाराचं पत्र असतं आणि तासांची बेरीज असते. यातलं काही खोटं नसतं, पण त्यावरून दर्जा कळत नाही. तो कुठे शोधायचा ते एका उदाहरणाने सांगते.

समज, एका शाळेजवळ रहदारीचा रस्ता आहे आणि तो ओलांडताना वृद्धांचे हाल होतात. एक शाळा एक दिवस ठरवते, मुलं वृद्धांचा हात धरून त्यांना पलीकडे नेतात. चांगलं काम आहे. दुसऱ्या शाळेतली सातवीची मुलं आधी त्या वृद्धांशी बोलतात. तेव्हा कळतं, हात धरायला माणूस मिळणं ही त्यांची मुख्य अडचण नाहीच. रस्त्याच्या मध्यावर पोचेपर्यंत दिवा लाल होतो, ही आहे. मग मुलं रस्त्याची रुंदी मोजतात: १४ मीटर. चालणाऱ्यांना मिळणारा एकूण वेळ मोजतात: १२ सेकंद. संमती घेऊन वृद्धांच्या चालण्याचा वेग मोजतात. शिक्षिका सांगतात की सिग्नलची आखणी करताना माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं धरायची पद्धत बरीच रूढ आहे, आणि अमेरिकेच्या वाहतूक नियमावलीने २००९ साली हळू चालणाऱ्यांचा विचार करून तो वेग सेकंदाला ३.५ फुटांवर, म्हणजे सुमारे १.०७ मीटरवर आणला. मुलं भागाकार करतात. १.२ च्या वेगाने १४ मीटरला १२ सेकंद जेमतेम पुरतात. पण ०.८ च्या वेगाने चालणाऱ्या आजींना साडेसतरा सेकंद लागतात; दिवा बदलतो तेव्हा त्यांचे चार मीटरहून जास्त अंतर उरलेलं असतं.

इथे वर्गात खरी मजा सुरू होते. कुणीतरी म्हणतं, सगळ्यांची सरासरी काढू. सरासरी चांगली येते, कारण भरभर चालणारे ती वर ओढतात. मग प्रश्न उभा राहतो: सिग्नल सरासरी माणसासाठी लावायचा की हळू चालणाऱ्यासाठी? सरासरी, मध्यक आणि विस्तार हे पाठ्यपुस्तकातले कोरडे शब्द त्या क्षणी मुलांच्या गरजेचे होतात. पुढे तक्ता तयार होतो, ज्येष्ठांना दाखवला जातो, त्यांच्या सूचनेवरून बदलला जातो, आणि रस्त्याची जबाबदारी असलेल्या कार्यालयाकडे मुलं आणि ज्येष्ठ मिळून निवेदन देतात. उत्तर येईल किंवा येणार नाही. नाही आलं तर का आलं नाही, कुणाच्या अधिकारात काय असतं, दुसरा अर्ज कुठे करायचा, हे नागरिकशास्त्र पुस्तकाबाहेर शिकायला मिळतं.

आता या दोन्ही शाळांना मी एकच कसोटी लावते. प्रकल्पातला अभ्यास काढून टाकला तर सेवा उभी राहते का? आणि सेवा काढून टाकली तर अभ्यास तसाच उरतो का? पहिल्या शाळेत गणिताचा तास रद्द झाला असता तरी हात धरणं चालूच राहिलं असतं. दुसऱ्या शाळेत मोजणी चुकली तर निवेदन कोसळतं, आणि आजी नसत्या तर तो वेग मोजायला कारणच नव्हतं. दोन्ही गोष्टी एकमेकींवाचून उभ्या राहत नसतील, तर तू दर्जेदार सेवा-अध्ययन पाहते आहेस. दोन्ही शेजारी शेजारी नुसत्या ठेवलेल्या असतील, तर फाइलीत अभ्यासक्रमाशी जोड कितीही सुबक लिहिलेली असो, ती नंतर जोडलेली आहे असं समज.

ही संकल्पना १९६७ च्या सुमारास अमेरिकेत विल्यम रॅम्से आणि रॉबर्ट सिगमन यांच्या कामातून पुढे आली. सिगमन यांनी १९७९ साली तिची तीन तत्त्वं मांडली आणि त्यांतलं पहिलं आजही सर्वांत जास्त दुर्लक्षित आहे: ज्यांची सेवा केली जाते, सेवेवर ताबा त्यांचा असावा. दुसरं, या कामातून ते लोक स्वतः अधिक समर्थ व्हावेत. तिसरं, सेवा करणारेही शिकणारेच असतात आणि काय शिकायचं यात त्यांचा मोठा वाटा असावा. शाळा तिसऱ्याबद्दल भरभरून बोलतात, दुसऱ्याला मान डोलावतात आणि पहिल्यापाशी थबकतात. कारण पहिलं मानलं, तर वेळापत्रक, विषय आणि समारोपाची तारीख शाळेला एकटीने ठरवता येत नाही.

म्हणून भेटीला गेलीस की आधी पलीकडच्या माणसांकडे जा. ज्या संस्थेत किंवा वस्तीत मुलं काम करतात तिथे शाळेचं कुणी सोबत न घेता बस, आणि विचार: हे काम तुम्ही मागितलं होतं का? मुलांमुळे तुमचं काम वाढलं की हलकं झालं? तुमच्या म्हणण्यावरून शाळेने काय बदललं? या तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात एखादी नेमकी गोष्ट निघाली, अगदी वार बदलला इतकी लहान जरी, तरी मला त्या प्रकल्पाबद्दल विश्वास वाटतो. ‘मुलं फार गोड आहेत’ एवढंच ऐकू आलं, तर अजून थोडा वेळ बस.

मुलांशी बोलताना, पुढे उभ्या केलेल्या दोन चुणचुणीत मुलांचं ऐकून घे, त्यांनी तयारी केलेली असते, तिचा मान ठेव. पण नंतर मागच्या बाकावरच्या मुलाला विचार, की हा विषय कुणी निवडला आणि तुझं कोणतं म्हणणं मान्य झालं नाही. ज्या वर्गात मुलांची काही मतं चर्चेनंतर बाजूला पडली आहेत, त्या वर्गात मुलांनी खरोखर ठरवलेलं असतं. जिथे सगळ्यांचं सगळंच मान्य झालं, तिथे बहुधा शिक्षकांनी आधीच ठरवलेलं होतं.

चिंतनाच्या वह्या मात्र सावकाश वाच. घाई करू नकोस, माझ्या मते सगळ्यांत जास्त तिथेच सापडतं. काय घडलं, त्याचा अर्थ काय, आता पुढे काय, हे तीन प्रश्न बहुतेक शाळा वापरतात आणि ते चांगले आहेत. पण मुलांना फार लवकर कळतं की ‘मला समाधान वाटलं’ लिहिलं की शेरा चांगला मिळतो. तू वहीत अशी जागा शोध जिथे मुलाचं मत पुराव्याने बदललं आहे. ‘मला वाटायचं म्हातारी माणसं लक्ष देत नाहीत म्हणून अडकतात. मोजल्यावर कळलं की वेळच कमी आहे.’ अशी दोन वाक्यं पानभर समाधानापेक्षा मोलाची आहेत, कारण यात दोष माणसाकडून व्यवस्थेकडे सरकला आहे. हे सरकणं झालं नाही, तर सेवेतून उलटंच शिकलं जाण्याचा धोका असतो: आपण देणारे, ते घेणारे, आणि त्यांची अवस्था त्यांच्याच मुळे. या धोक्याबद्दल मला मनापासून काळजी वाटते. चांगल्या हेतूने केलेलं उथळ काम मुलांच्या मनातले पूर्वग्रह घट्ट करू शकतं. म्हणून चिंतन शेवटी एकदा उरकायचं नसतं. कामाला जाण्याआधी, काम चालू असताना आणि नंतरही ते हवं.

दर्जाची लेखी मानकंही आहेत. अमेरिकेतल्या नॅशनल यूथ लीडरशिप कौन्सिलने २००८ मध्ये शालेय स्तरासाठी आठ मानकं प्रसिद्ध केली: अर्थपूर्ण सेवा, अभ्यासक्रमाशी जोड, चिंतन, विविधतेची समज, मुलांचा आवाज, भागीदारी, प्रगतीवर लक्ष, आणि पुरेसा कालावधी व सखोलता. ती जवळ ठेव, पण आठ रकान्यांत आठ खुणा करून गुणांची बेरीज करू नकोस. ही आठही एकमेकांत गुंतलेली आहेत. कालावधी पुरेसा नसेल तर भागीदारी होतच नाही, ओळख होऊन संपते.

संशोधनाबद्दल तू विचारलं होतंस. सेलिओ, डर्लाक आणि डिमनिकी यांनी २०११ साली ६२ अभ्यासांचा, एकूण ११,८३७ विद्यार्थ्यांचा एकत्रित आढावा घेतला. स्वतःबद्दलची आणि शाळेबद्दलची वृत्ती, नागरी सहभाग, सामाजिक कौशल्यं आणि अभ्यासातली प्रगती, या पाचही बाबतींत सेवा-अध्ययनाचा फायदा दिसला. अभ्यासक्रमाशी जोड, मुलांचा आवाज, समाजाचा सहभाग आणि चिंतन या गोष्टी जिथे होत्या तिथे परिणाम अधिक चांगले होते. शंका घेणाऱ्या पालकांशी आणि मुख्याध्यापकांशी बोलताना हे हाताशी असू दे.

तासांच्या बेरजेवर थोडं. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्याने १९९२ साली शाळा पूर्ण करण्यासाठी विद्यार्थी-सेवेची अट घातली; ७५ तास हा आकडा त्यातूनच प्रसिद्ध झाला. पण त्या अटीत तयारी, कृती आणि चिंतन हे तिन्ही टप्पे धरलेले आहेत, आणि जिल्ह्यांना ते काम नेहमीच्या विषयांत गुंफण्याचीही मोकळीक आहे. बाहेर गेला तो फक्त आकडा. तासांवरून मूल हजर होतं इतकंच कळतं.

आता टिकवण्याविषयी, कारण खरी पडझड इथे होते. अमेरिकेत लर्न अँड सर्व्ह अमेरिका ही केंद्रीय योजना शाळांच्या सेवा-अध्ययनाला पैसा पुरवत असे. १९९० च्या कायद्यातून तिची पायाभरणी झाली आणि २०११ च्या अर्थसंकल्पात तिचा निधी काढून घेतला गेला. तेव्हापासून प्रत्येक शाळेला विचारण्यासारखा एक प्रश्न माझ्याकडे आहे: उद्या पैसा थांबला, आणि परवा हे काम सांभाळणाऱ्या शिक्षिकेची बदली झाली, तर जूनमध्ये काय उरेल?

‘सगळं बाई बघतात’ हे वाक्य ऐकलंस की सावध हो. एका माणसाच्या उत्साहावर चाललेलं काम त्या माणसासोबत जातं, आणि जाण्याआधी त्या माणसाला थकवतं. टिकलेल्या कामांमध्ये मला तीन साध्या गोष्टी दिसत आल्या आहेत. काम वेळापत्रकात असतं, शाळा सुटल्यानंतर नसतं; त्या घटकाचं मूल्यमापनही त्यातूनच होतं, वेगळा बोजा होत नाही. दुसरं, किमान दोन विषयांचे शिक्षक त्यात असतात, म्हणजे एक रजेवर गेला तरी आजींना ‘या आठवड्यात येत नाही’ असा निरोप जात नाही. आणि तिसरं, कागद नीट असतात: भागीदार संस्थेशी काय ठरलं ते दोन पानांत, परवानगीचे नमुने, कुणाला फोन करायचा, मागच्या वर्षी काय फसलं. नव्या मुख्याध्यापकांना हे काम पटवून द्यायला भाषणापेक्षा ही फाइल उपयोगी पडते.

याखेरीज मुलांकडून मुलांकडे वारसा जायला हवा. आठवीत गेलेली मुलं नव्या सातवीला आपली आकडेवारी समजावून देतात आणि नवी मुलं तीच मोजणी पुन्हा करून पडताळतात, तेव्हा काम एका वर्षाचं राहत नाही. दुसऱ्या वर्षीच्या तक्त्यात दोन वर्षांची तुलना येते आणि निवेदनाला वजन येतं. मात्र टिकवणं म्हणजे तेच ते करत राहणं नाही. सिग्नलची वेळ वाढली, तर तो प्रश्न सुटला. मग भागीदारी ठेवायची, ज्येष्ठांनाच पुन्हा विचारायचं, आणि ते म्हणतील तो पुढचा प्रश्न घ्यायचा. सुटलेल्या प्रश्नावर दरवर्षी मुलं पाठवणाऱ्या शाळा मी पाहिल्या आहेत. तिथे प्रकल्प जगतो, गरज केव्हाच संपलेली असते.

राहिला गौरवाचा मुद्दा, कारण तुझ्या समितीला शेवटी काही शाळांची नावं जाहीर करायची आहेत. गौरव करा, जरूर करा. अर्जेंटिनाने २००० साली अशा शाळांसाठी राष्ट्राध्यक्षांच्या नावाने पुरस्कार सुरू केला, आणि तिथे ही चळवळ शाळांमध्ये रुजायला त्याची मोठी मदत झाली. पण कशाचा गौरव करायचा याबाबत समितीत आग्रह धर. पहिल्या वर्षाच्या झगमगाटापेक्षा तिसऱ्या वर्षात पोचलेलं काम निवडा. अर्जात भागीदारांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत मागा, आणि काय जमलं नाही याला वेगळी जागा ठेवा. ज्या शाळेचं नाव जाहीर होईल तिच्याकडे ढालीऐवजी एक जबाबदारी द्या: शेजारच्या दोन शाळांच्या शिक्षकांना वर्षभर आपल्या वर्गात येऊन बसू देणं. त्या शिक्षकांच्या प्रवासाची आणि बदली तासांची सोय समितीने करावी, नाहीतर तेही एका उत्साही बाईंच्या गळ्यात पडेल.

भेटींच्या आधी प्रश्नांचा मसुदा करशील तेव्हा मला पाठव. पहिल्या तीन भेटी त्याच शाळांना दे ज्यांच्या फाइली सर्वांत साध्या आहेत, आणि प्रत्येक ठिकाणी अर्ध्या दिवसाऐवजी पूर्ण दिवस माग. सकाळ शाळेत जाते. पलीकडची माणसं दुपारी भेटतात.

तुझी,
एक जुनी शिक्षिका