चार टीव्हींवर मिळून एकच चित्र दाखवायचा प्रोग्राम कसा लिहावा?

लॅपटॉपवरचा व्हिडिओ नेटवर्कवरून चार टीव्हींवर मिळून मोठा दाखवायचाय, पण चित्र अडकतं, असा तुमचा प्रश्न आहे.

आधी चित्र पाठवायचं सोडा. फुल एचडीची एक फ्रेम म्हणजे १९२० × १०८० पिक्सेल, प्रत्येकी ३ बाइट. सेकंदाला ६० फ्रेम धरल्या तर एका टीव्हीचेच जवळपास ३ गिगाबिट होतात, आणि घरचा नेटवर्क स्विच असतो १ गिगाबिटचा. कॉम्प्रेस केलं की मावतं, पण लॅपटॉप धापा टाकतो. त्यापेक्षा प्रत्येक टीव्हीमागे छोटा कॉम्प्युटर लावा, व्हिडिओचा त्याचा तुकडा आधीच त्यात भरून ठेवा, आणि तारेतून फक्त 'काय दाखवायचं, किती वाजता' एवढंच जाऊ द्या. गूगल अर्थ अनेक स्क्रीनवर पसरून दाखवणारं लिक्विड गॅलक्सी असंच चालतं: मुख्य मशीन कॅमेरा कुठे आहे तेवढं यूडीपीने (पोच न मागता छोटे निरोप पाठवायची पद्धत) कळवतं, बाकीची आपापला भाग स्वतः काढतात. (थेट प्रक्षेपणच हवं असेल तर एकदाच एन्कोड (म्हणजे कॉम्प्रेस) करून मल्टिकास्ट करा, म्हणजे एकच प्रवाह सगळ्यांना पाठवा, पण केबलवरून. वायफायवर मल्टिकास्टची पाकिटं हरवली की हरवलीच.)

खरी मारामारी वेळेची. जळगावच्या एका मंगल कार्यालयात मी चार टीव्ही आणि चार 'रास्पबेरी पाय ४' नावाचे छोटे कॉम्प्युटर (पुढे नुसतं 'पाय') लावले होते. व्हिडिओ होता नवरदेवाचा, सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यावर बसून काढलेला. घरी चोख चाललं. कार्यालयात ऐन वेळी लाईट गेली, जनरेटर लागला, चारही पाय नव्याने सुरू झाले आणि इंटरनेट बंद. पाय ४ मध्ये बॅटरीवरचं घड्याळ नसतं. नेट नसेल तर तो मागे साठवलेल्या वेळेपासून पुढे मोजायला लागतो. चौघांची वेळ चार तऱ्हेची. पुढच्या रांगेतले एक आजोबा म्हणाले, "घोडानं तोंड आठे, शेपटी तठे!"

तेव्हापासून एका पायलाच एनटीपी सर्व्हर, म्हणजे बाकीच्यांना वेळ सांगणारा, करतो. घड्याळं जुळवणाऱ्या क्रोनी या प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये 'लोकल स्ट्रॅटम'ची ओळ टाकली की नेट नसतानाही तो बाकीच्यांना वेळ देत राहतो. घड्याळ चुकीचं असलं तरी चालतं, चौघांचं एकच असलं म्हणजे झालं. 'आत्ता सुरू कर' असा हुकूम कधी पाठवू नका. 'अमुक वेळेला सुरू कर' असा दोन सेकंद आधी पाठवा. मध्येच कोणी दोन-तीन फ्रेम मागे पडला तर उडी मारायला लावू नका, झटका दिसतो. वेग १.०१ पट करा, हळूच गाठतो. एमपीव्ही या व्हिडिओ प्लेअरला चालू व्हिडिओत वेग बदलायला सांगता येतं.

टीव्हीच्या कडाही मोजा. ४३ इंची फुल एचडी टीव्हीवर १ मिलिमीटरला साधारण २ पिक्सेल बसतात. दोन कडा मिळून २० मिलिमीटर असतील तर ४० पिक्सेल कडेमागे 'लपलेत' असं धरून ३८८० × २२०० चं चित्र करा आणि मधली पट्टी वगळून एफएफएमपेग या व्हिडिओ कापायच्या प्रोग्रामने चार तुकडे कापा. नाहीतर नवरीचं नाक दुप्पट रुंद.

आणि आपल्याकडचा उन्हाळा. पाय ८० अंशांच्या पुढे तापला की आपला वेग आपणच कमी करतो, मग सगळं गणित बिघडतं. टीव्हीच्या पाठीला चिकटवू नका, पंखा लावा.

तपासायला चारही टीव्हींवर फ्रेमचा आकडा मोठा दाखवा आणि फोनच्या स्लो मोशनमध्ये शूट करा. डोळ्याला सगळं बरोबरच वाटतं. फोन सांगतो कोण किती मागे आहे.